बिनखताचा वाफा

शाळेत विज्ञानाच्या तासाला मुलांकडून करवून घेण्याजोगे जे प्रयोग आहेत, त्यांत खतांच्या तुलनेचा प्रयोग सर्वांत सोपा समजला जातो. चार कुंड्या घ्यावयाच्या, त्यांत सारखी माती भरावयाची. एकीत शेणखत, दुसरीत युरिया, तिसरीत सुपर फॉस्फेट घालावयाचे आणि चौथी तशीच ठेवावयाची. मग चारही कुंड्यांत दाणे पेरून महिनाभराने रोपांची उंची पट्टीने मोजावयाची, की प्रयोग झाला. परभणी जिल्ह्यातील पालमसारख्या गावी तर यास खर्चही पडू नये. काळी माती बांधावर आहे, शेणखत गोठ्याशेजारी आहे आणि युरियाचे पोते खरिपाच्या तोंडाशी घरोघर येतेच. मुले मापे घेतात, अमुक खत श्रेष्ठ असे वहीत लिहितात आणि वही तपासून परत मिळते.

या चार कुंड्यांपैकी जिच्याकडे कोणाचेच लक्ष नसते ती चौथी. तिला काही घातलेले नसते, म्हणून तिला पाणी देण्यातही हयगय होते, आणि ती मांडणीत शेवटी, बहुधा भिंतीच्या सावलीत ठेवली जाते. वस्तुतः साऱ्या प्रयोगाचा भार तिच्यावरच असतो. खताने अमुक इतके वाढले असे म्हणावयाचे तर खतावाचून किती वाढले असते हे ठाऊक असावे लागते, आणि ते सांगणारी दुसरी कोणतीही साक्ष जगात नाही. ही गोष्ट आज इतकी उघड वाटते की ती शिकावयास माणसाला दोन शतके लागली यावर विश्वास बसू नये.

सतराव्या शतकात ब्रुसेल्सकडे व्हॅन हेल्मॉन्ट नावाचा एक विद्वान वैद्य होऊन गेला. झाड कशाचे बनते हे पाहण्यासाठी त्याने २०० रत्तल माती भट्टीत वाळवून एका मोठ्या कुंडीत भरली आणि तीत ५ रत्तल वजनाची वाळुंजाची फांदी लावली. पाच वर्षे तिला केवळ पाणी घातले. बाहेरची धूळ आत पडू नये म्हणून कुंडीवर छिद्रे पाडलेला पत्रा बसविला. पाच वर्षांनी झाड १६९ रत्तलांवर भरले आणि माती वाळवून तोलली तो ती अवघी दोन औंस कमी भरली. हेल्मॉन्टने निष्कर्ष काढला की झाड हे निव्वळ पाण्याचे बनते. त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. तोलण्यात त्याची कसूर नव्हती, धीर तर विलक्षणच होता. पण त्याची कुंडी एकटी होती. हवेतून झाडाला काही मिळत असेल ही शंका त्याच्या मनाला शिवली नाही, आणि त्या दोन औंसांचा हिशेब त्याने चूक म्हणून सोडून दिला. पुढील सर्व शेतकी रसायन त्या दोन औंसांतून निघाले असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

शेजारी शेजारी कुंड्या मांडून तुलना करण्याची कल्पना इंग्लंडात जॉन वुडवर्ड याने अमलात आणली. १६९१ साली त्याने पुदिन्याची रोपे निरनिराळ्या पाण्यांत वाढविली. पावसाच्या पाण्यात रोपाचे वजन १७½ ग्रेनांनी वाढले, टेम्स नदीच्या पाण्यात २६ ग्रेनांनी. पुढील वर्षी त्याने हाइड पार्कच्या नळाचे पाणी घेतले, तेव्हा वाढ १३९ ग्रेन भरली. आणि त्याच पाण्यात बागेची थोडी माती कालवली तेव्हा ती २८४ ग्रेनांवर गेली. १६९९ साली त्याने हे आकडे छापले आणि पाणी हे केवळ वाहन असून झाडाचे खाद्य त्यात विरघळलेल्या पार्थिव द्रव्यात आहे असे प्रतिपादन केले. आजचा परीक्षक या प्रयोगास पुरे गुण देणार नाही, कारण आरंभीची रोपे सारख्या वजनाची नव्हती आणि दोन वर्षांचा ऋतू वेगळा होता. तथापि पालमच्या शाळेत मुले ज्या कुंड्या मांडतील त्यांचा मूळपुरुष हाच.

कुंडीतून हा प्रश्न शेतात यावयास आणखी सव्वाशे वर्षे लागली. फ्रान्समध्ये बूसँगो याने १८३४च्या सुमारास आल्सासमधील आपल्या शेतावर घातलेले खत आणि निघालेले पीक ही दोन्ही तोलून, पृथक्करण करून, जमाखर्च मांडावयास प्रारंभ केला. त्यानंतर १८४० साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याचा सुप्रसिद्ध ग्रंथ निघाला. झाड जी खनिजे जमिनीतून नेते ती परत द्या, नत्राची काळजी हवा करील, असा त्याच्या उपदेशाचा मथितार्थ होता. जे द्रव्य सर्वांत उणे असेल त्यावर पिकाची मर्यादा ठरते हा नियम लीबिगच्या नावे प्रसिद्ध आहे. तो त्याच्याआधी श्प्रेंगेल याने सांगितला होता, पण लीबिगचा आवाज मोठा होता. त्या आवाजाच्या बळावर १८४५ साली त्याने स्वतःचे खतही बाजारात आणले. पावसाने ते वाहून जाऊ नये म्हणून घटक द्रव्ये भट्टीत वितळवून अशी घट्ट केली होती की ती मातीतही विरघळेनात. आणि नत्राचा अंश तर मुद्दामच वगळला होता. ज्या शेतकऱ्यांनी ते विकत घेतले त्यांच्या शेतात काहीच फरक पडला नाही. इतक्या थोर शास्त्रज्ञाची शिफारस पाठीशी असूनही शेतकऱ्याचे पैसे बुडाले. इतिहासातील हा पहिला प्रसंग असेल, शेवटचा खचित नव्हे.

लीबिगच्या उपदेशाची परीक्षा ज्याने शेतात घेतली तो लॉज हाही खतांचा कारखानदारच होता हे विसरता कामा नये. लंडनच्या उत्तरेस रॉदॅमस्टेड येथे त्याची वडिलोपार्जित जमीन होती. हाडे व स्फुरदयुक्त दगड गंधकाम्लात मुरवून सुपर फॉस्फेट करण्याची सनद त्याने १८४२ साली घेतली होती. १८४३ साली त्याने गिल्बर्ट नावाच्या तरुण रसायनज्ञास नोकरीस ठेवले. हा गिल्बर्ट लीबिगचाच शिष्य. दोघांनी सत्तावन वर्षे एकत्र काम केले, आणि ते लॉजच्या मृत्यूनेच १९०० साली थांबले. १८४३च्या शरदात त्यांनी ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात गहू पेरला. शेताचे लांब पट्टे पाडले. एका पट्ट्यास दरसाल शेणखत, काहींस केवळ खनिजे, काहींस खनिजांबरोबर अमोनियाचे क्षार, आणि एका पट्ट्यास काहीच नाही. खनिजांच्या पट्ट्यात गहू बिनखताच्या पट्ट्याहून फारसा वर सरकला नाही; अमोनियाची जोड मिळताच तो उसळला. नत्राची काळजी हवा करील हे लीबिगचे म्हणणे गव्हापुरते तेथेच निकालात निघाले.

हा निकाल देणारा साक्षीदार म्हणजे तो बिनखताचा पट्टा. १८४३पासून आजतागायत त्यास खताचा कणही दिलेला नाही, आणि तरीही दर हेक्टरी सुमारे एक टन गहू तो देत आला आहे. सुपर फॉस्फेट विकून श्रीमंत झालेल्या मनुष्याने आपल्याच शेताचा एक पट्टा, खतावाचूनही जमीन काही देते हे जगाला दिसावे म्हणून उपाशी ठेवला, यात मोठा प्रामाणिकपणा आहे. पुढे १८७२ साली लॉजने खताचा धंदा विकला आणि १८८९ साली एक लक्ष पौंडांचा न्यास करून प्रयोगांची कायमची तरतूद केली.

त्याच रॉदॅमस्टेडवर एक असे कोडे उभे राहिले की त्यापुढे लॉज आणि गिल्बर्ट हे दोघेही हरले. गव्हास नत्र लागते. मग वाटाणा, घेवडा, क्लोव्हर ही शेंगवर्गातील पिके नत्रावाचून कशी फोफावतात, आणि त्यांच्यामागून पेरलेला गहू जोमदार कसा येतो? तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या बेवडावर ज्वारी चांगली येते हे मराठवाड्यातील शेतकरी पिढ्यान् पिढ्या जाणतो; त्याचे कारण मात्र युरोपातील पंडितांनाही सांगता येत नव्हते. १८५७पासून पुढे काही वर्षे पग नावाच्या अमेरिकन तरुणास हाताशी धरून त्यांनी अतिशय काटेकोर प्रयोग केले. मातीतील नत्राचा लवलेशही राहू नये म्हणून ती भाजून काढली आणि झाडे काचेच्या हंड्यांखाली वाढविली. उत्तर आले की झाड हवेतील नत्र घेत नाही. प्रयोग निर्दोष होता आणि त्या निर्दोषपणातच दोष होता. माती भाजल्यामुळे ज्या सूक्ष्म जंतूंच्या द्वारे शेंगवर्गातील झाड हवेतील नत्र मिळविते, ते जंतूच मरून गेले होते.

उलगडा १८८६ साली जर्मनीत हेलरीगेल याने केला. त्याने वाळूत वाटाणे लावले. ओट आणि सातू यांचे वर्तन सरळ असे, जितके नत्र घालावे तितकी वाढ. वाटाण्याच्या कुंड्या मात्र एकमेकींस जुळेनात. सारख्या वाळूत, सारख्या पाण्यावर, एक कुंडी पिवळी पडून मरे आणि शेजारची हिरवीगार राही. सामान्य मनुष्याने सरासरी काढून वही मिटली असती. हेलरीगेलने त्या विसंगतीवरच बोट ठेवले. चांगल्या शेतातील मातीचे पाणी थोडे थोडे घातले तेव्हा सर्व वाटाणे तरारले, त्यांच्या मुळांवर गाठी आल्या. तेच पाणी उकळून घातले तर काही झाले नाही. मुळांवरच्या गाठी हे नत्राचे कारखाने आहेत हे अशा रीतीने सिद्ध झाले. आजच्या पालमच्या शाळेत कोणी या प्रयोगासाठी मूग किंवा सोयाबीन निवडले आणि युरियाच्या कुंडीत काही विशेष दिसले नाही, तर गुरुजींनी प्रयोग फसला असे समजू नये. तेथे मुगाने हेलरीगेलचेच म्हणणे पुन्हा सांगितलेले असेल.

हिंदुस्थानात या विद्येचा प्रवेश झाला तो सरकारी शेतकी खात्याच्या द्वारे. १८८५ साली कानपूर येथे रॉदॅमस्टेडच्या धर्तीवर खतांचे कायम प्रयोग सुरू झाले. १९०८ साली बिहारात पुसा येथे आणि १९०९ साली कोइमतूर येथे. कोइमतूरच्या प्रयोगाने शंभरी ओलांडली आहे. परंतु येथील शेतीपुढचा खरा प्रश्न कोणते खत श्रेष्ठ हा नव्हता, खत आहेच कोठे हा होता. तो प्रश्न सरकारी रसायनज्ञांच्या आधी पुण्यात जोतीराव फुल्यांनी मांडला. १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात त्यांनी दाखविले की जंगल खात्याने गायराने बंद केल्यामुळे जनावरे घटली आणि जनावरांबरोबर शेणखतही घटले. डोंगरावरील पालापाचोळा आणि मेलेल्या कीटकांचे व जनावरांचे सत्त्व पावसाबरोबर ओढ्यानाल्यांतून वाहून जाते, ते शेतात मुरावे म्हणून सरकारने पलटणीतील व पोलिसातील रिकाम्या हातांकडून ताली व बंधारे बांधून घ्यावेत अशी त्यांची सूचना होती. त्यामागे प्रयोगशाळा नव्हती, उघडे डोळे मात्र होते.

१८८९च्या अखेरीस विलायतेहून डॉ. व्होल्कर हे रसायनज्ञ हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यास आले. वर्षभर हिंडून त्यांनी लिहिलेला अहवाल १८९३ साली निघाला. येथील शेतकरी अडाणी असून त्यास शिकविले पाहिजे असा जो सार्वत्रिक समज त्या वेळच्या राज्यकर्त्यांत होता, त्यास या अहवालाने धक्का दिला. शेतकरी शेण जाळतो ते मूर्खपणाने नव्हे, सरपण नाही म्हणून. गावाजवळ सरपणाची झाडे लावा म्हणजे गोवऱ्या शेतात जातील, असे त्यांनी निक्षून सांगितले. गोवरीच्या जागी गॅसची शेगडी यावयास मराठवाड्याच्या खेड्यांत एकविसावे शतक उजाडावे लागले, आणि तोपर्यंत गोठ्यातील जनावरेच उणी झाली होती.

मुंबई इलाख्यात या कामाचे केंद्र पुणे होते. १८७९पासून तेथील विज्ञान महाविद्यालयात शेतकीचे वर्ग होते. १९०७ साली डॉ. हॅरोल्ड मॅन हे शेतकी कॉलेजचे प्राचार्य म्हणून आले. दख्खनच्या कालव्यांखाली ऊस वाढत होता, आणि उसास एकरी गाड्याच्या गाड्या शेणखत व वर पेंड देणारा बागाईतदार खर्चाखाली दबत होता. म्हणून मांजरी येथील प्रयोगक्षेत्रावर उसाच्या खतांची तुलना चालली, आणि १९३२ साली पाडेगाव येथे उसाचे स्वतंत्र संशोधन केंद्र निघाले. मुलांच्या शिक्षणाकडेही थोडे लक्ष गेले होते. पुण्याजवळील लोणी येथील नमुन्यावर इलाख्यात मराठीतून शिकविणाऱ्या शेतकी शाळा निघाल्या, त्यांत शेतकऱ्यांची मुले राहून शिकत. १९२८ साली शेतकीच्या शाही कमिशनने या नमुन्यापेक्षा पंजाबातील पद्धत पसंत केली, कारण तेथे सामान्य शाळेलाच शेत जोडलेले असे. पुढे १९३७ साली वर्ध्यास मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखली गेली तीतही शेती हा एक मूलोद्योग होता. शाळेच्या वाफ्याचा विचार आपल्याकडे अशा रीतीने वारंवार झाला आणि वारंवार मागे पडला.

पालम तेव्हा निजामाच्या राज्यात होते. हैदराबाद संस्थानाने १९१८ साली परभणी येथे मोठे प्रयोगक्षेत्र काढले आणि तेथे मुख्यत्वे गावरानी कापसाच्या सुधारणेचे काम झाले. परभणी आणि पालम यांची जमीन एकाच जातीची, काळ्या दगडाच्या झिजेतून झालेली, चुनखडीयुक्त, पालाशाने भरलेली, नत्राने व सेंद्रिय अंशाने दरिद्री. येथे रॉदॅमस्टेडचा कित्ता जसाच्या तसा गिरविता येत नव्हता. इंग्लंडात पाऊस बारमाही भुरभुरतो. गोदावरीच्या खोऱ्यात तो चार महिन्यांत पडून जातो आणि तोही केव्हा दडी मारील याचा नेम नसतो. जिराईत शेतात वाफसा नसेल तर घातलेले खत मातीत नुसते पडून राहते. १९३३च्या सुमारास सोलापूर, विजापूर, निजामाच्या मुलखातील रायचूर अशा अवर्षणग्रस्त ठिकाणी जिराईत शेतीची संशोधन केंद्रे निघाली, आणि त्यांतील अनुभवाचे सार ना. वि. कानिटकर यांनी १९४४ साली ग्रंथरूपाने मांडले. बांध घालून पाणी मुरवावे, पेरणी विरळ करावी, ओल धरावी, आणि खताचा विचार त्या ओलीच्या हिशेबाने करावा हा त्याचा रोख आहे. कोरड्या वर्षी खतावर घातलेला पैसा बुडतो, आणि तो बहुधा सावकाराकडून आणलेला असतो. म्हणून येथे तुलना एका हंगामाची करून भागत नाही. एका वर्षीचे उत्तर पुढल्या वर्षी खोटे पडते, आणि खोट्या उत्तराची किंमत प्रयोग करणारा देत नाही.

प्रयोगाच्या या बेभरवशावर उपाय शोधला तो गणिताने. १९१९ साली रॉनल्ड फिशर हा तरुण गणिती रॉदॅमस्टेडवर आला. तेथे सत्तराहून अधिक वर्षांचे आकडे पडून होते. ते चाळताना त्याच्या ध्यानात आले की दोन पट्ट्यांतील फरक खताचा की जमिनीचा हे एकेका पट्ट्यावरून सांगताच येत नाही. कोणत्याही शेतकऱ्यास विचारा, एकाच शेताचा वरचा अंग बरड आणि खालचा खोल काळवट असतो. खालच्या अंगास नवे खत घातले आणि वरच्यास जुने, तर नवे खत जिंकणारच. तेव्हा प्रत्येक खत अनेक वाफ्यांस द्यावे, आणि कोणता वाफा कोणास हे आपल्या मनाने न ठरविता चिठ्ठ्या टाकून ठरवावे, असे फिशरने सांगितले. मनुष्य स्वतःच्या नकळत आपल्या आवडत्या खतास चांगली जागा देतो; चिठ्ठीस आवडनिवड नसते. १९३५ साली त्याने प्रयोगांच्या रचनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला.

हे शास्त्र हिंदुस्थानच्या शेतात उतरविणाऱ्यांत दोन मराठी नावे अग्रभागी आहेत, आणि त्यांची आठवण व्हावी तितकी होत नाही. एक विनायक गोविंद पानसे, इंदूरच्या वनस्पती संशोधन संस्थेतील. दुसरे पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातील बुध गावचे, १९११ सालचा जन्म, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून लंडनला जाऊन संख्याशास्त्र शिकून आलेले. १९४३च्या बंगालच्या दुष्काळानंतर देशात धान्य खरोखर किती पिकते हे कळणे जीवनमरणाचा प्रश्न झाला होता. तोपर्यंतचा सरकारी आकडा म्हणजे पीक पाहून गावकामगाराने काढलेली आणेवारी. त्याऐवजी चिठ्ठीने शेत निवडावे, शेतात चिठ्ठीने जागा निवडावी, तेवढा तुकडा कापून तोलावा, ही पद्धत या दोघांनी रूढ केली. तुकडा केवढा असावा यावर मोठा वाद झाला. सुखात्म्यांनी दाखवून दिले की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगते, कारण कापणारा मनुष्य रेषेवरची ताटे आतच धरतो. देशाच्या धान्याचा हिशेब अशा चार ताटांनी चुकू शकतो. १९५४ साली दोघांनी मिळून शेतकी कार्यकर्त्यांसाठी संख्याशास्त्राचे जे इंग्रजी पुस्तक लिहिले, ते शेतकी महाविद्यालयांत पिढ्यांनी अभ्यासले.

या चिठ्ठ्यांच्या शास्त्रास कडाडून विरोध करणारा मनुष्य त्याच इंदूरच्या संस्थेचा संस्थापक होता, हा योगायोग मौजेचा आहे. सर आल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इंदुरास होते. होळकरांच्या मुलखातील गावांचा काडीकचरा, शेण, मूत्राने भिजलेली माती यांचे थर रचून, उलथापालथ करून काही महिन्यांत उत्तम कंपोस्ट करण्याची रीत त्यांनी बसविली. ती जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. १९३१ साली तिच्यावर जे पुस्तक निघाले त्यावर हॉवर्डांबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे. हॉवर्डांचा आक्षेप असा की लहान वाफा हे शेत नव्हे. वाफ्यात बैल नाहीत, फेरपालट नाही, शेजारच्या वाफ्यातून मुळ्या आणि गांडुळे येजा करतात. अशा तुकड्यावरून खताचे पोते विकण्यापुरता पुरावा मिळतो, जमिनीचे आरोग्य कळत नाही. आकड्यांवर त्यांनी केलेला राग अतिरेकी होता. इंदुरी कंपोस्ट चांगले की पोत्यातले खत चांगले हे सुद्धा अखेर तोलूनच ठरवावे लागते. पण त्यांच्या आक्षेपाचा गाभा खोटा नव्हता, आणि तो वेगळ्या वाटेने मान्यही झाला. १९४७ साली स्कॉटलंडहून आलेल्या डॉ. स्ट्यूअर्ट यांनी हिंदुस्थानातील खतांच्या प्रयोगांचा आढावा घेऊन सुचविले की सरकारी प्रयोगक्षेत्राच्या राखलेल्या जमिनीवर भिस्त न ठेवता साधे प्रयोग रयतेच्या शेतातच, शेत चिठ्ठीने निवडून करावेत. तसे प्रयोग पुढे देशभर झाले.

तोवर खतांचा काळ पालटला होता. १९५१ साली सिंद्रीचा कारखाना सुरू झाला, आणि १९६५ साली मुंबईशेजारी तुर्भ्याचा. जे अमोनियाचे क्षार लॉजने पट्ट्यावर मोजून टाकले, त्यांच्याच जातीचे खत पोत्यांनी बाजारात आले. सरकारने युरियाची किंमत इतर खतांच्या मानाने स्वस्त राखली, त्यामुळे शेतकऱ्याचा हात युरियाकडेच वळला. स्फुरद उणे असता नत्र ओतून उपयोग नाही हा श्प्रेंगेलचा नियम विक्रीच्या दुकानात कोणी सांगत नाही. तो सांगावयाचा तर शेजारी शेजारी वाफे दाखवावे लागतात, आणि अनेक वर्षे दाखवावे लागतात.

याच हेतूने १९७० साली भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने दीर्घकालीन खतप्रयोगांची अखिल भारतीय योजना सुरू केली. महाराष्ट्रात अकोल्यास १९८८पासून ज्वारी आणि गहू यांवर हा प्रयोग चालू आहे. परभणीच्या जुन्या प्रयोगक्षेत्राच्या पायावर १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ उभे राहिले, त्यास २०१३पासून वसंतराव नाईक यांचे नाव आहे. तेथे २००६ साली हा प्रयोग खरिपात सोयाबीन व रब्बीत करडई या फेरपालटावर सुरू झाला. पालमच्या शेतकऱ्याची पिके ती हीच. या योजनेत काही वाफ्यांस शिफारशीच्या निम्मे खत मिळते, काहींस पुरे, काहींस दीडपट. एकास केवळ नत्र, एकास नत्र व स्फुरद, एकास तिन्ही द्रव्यांबरोबर जस्त, एकास केवळ शेणखत, आणि एकास पुऱ्या खताबरोबर शेणखत. देशभरच्या केंद्रांत केवळ नत्रावर ठेवलेल्या वाफ्यांची अवस्था वर्षागणिक खालावत गेलेली आढळली, आणि खत व शेणखत जोडीने मिळणारे वाफे पिकात आणि मातीच्या कसात आघाडीवर राहिले. लीबिग आणि हॉवर्ड यांच्या अनुयायांनी शंभर वर्षे जो तंटा केला, त्यात मातीने दोघांनाही अर्धे अर्धे माप दिले आहे.

वाफ्यांच्या त्या रांगांत एक वाफा बिनखताचा आहे. त्याची नांगरट इतरांबरोबर होते, मृगाच्या पावसावर पेरणी त्याच दिवशी होते, निंदणी तितक्याच वेळा होते. सोयाबीनच्या मुळांवर तेथेही गाठी येतात, शेंगा थोड्या लागतात, करडई खुजी राहते. काढणीच्या दिवशी त्याचे पीक वेगळ्या पोत्यात भरून, चिठ्ठी लावून, तोलले जाते आणि वहीतील बाकीचे सर्व आकडे त्या आकड्यातून वजा करून वाचले जात नाहीत. तो आकडा त्यांच्यातून वजा करून ते वाचले जातात.